नावं गळालेली गाणी

पडद्यावर तो प्रश्न आला: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? बाबांनी ‘हो’ दाबलं.

मी शेजारच्या टेबलावर होते. हात पोचेपर्यंत काम झालं होतं.

लॅपटॉप लल्ला झकियांचा, म्हणजे झकियाबाईंचा. त्यावर विंडोज आणि लिनक्स, दोन्ही बाबांनीच घालून दिलेलं. विंडोजच्या नव्या अपडेटनंतर लिनक्स सुरूच होईना, म्हणून त्या सकाळी तो ठेवून गेल्या होत्या. लिनक्सच्या भागात केरकेन्ना बेटावरच्या म्हाताऱ्यांची लग्नगीतं होती, लल्ला झकियांनी घरोघर जाऊन रेकॉर्ड केलेली. त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या आता हयात नाहीत. विंडोजला तो भाग वाचता येत नाही, म्हणून ते पुसायची परवानगी मागतं. ट्युनिशियातल्या सफाक्स शहरात आमचं कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान; तिथे येणाऱ्या प्रत्येकाला बाबा बजावत, “ते विचारेल. नाही म्हणायचं.”

ते पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “काय विचारलं गं त्याने?”

अशा पुसण्याने आतलं बरंचसं शाबूत राहतं. मी एका प्रोग्रामला ते दुसऱ्या डिस्कवर खरवडून काढायला लावलं. संध्याकाळपर्यंत बहुतेक गाणी परत आली, पण नावं गळून. उरले नुसते आकडे.

लल्ला झकिया आल्या तेव्हा बाबांच्या आधी मीच बोलले. माझ्याकडून चूक झाली, बाबा नमाजाला गेले होते, असं सांगून टाकलं.

“ती माझी चूक झाकतेय,” बाबा म्हणाले. “‘हो’ मी दाबलं, लल्ला. जगाला शिकवलं आणि मीच दाबलं.”

माझे कान तापले. ते समोर बसलेले असताना मी ते तिथे नसल्यासारखी बोलले होते.

दुकान काढण्याआधी बाबा लग्नांत रोषणाई करायचे. “माझ्या लग्नात भलतीच तार जोडून सगळ्या वऱ्हाडाला अंधारात बसवलं होतंस, लझर,” त्या म्हणाल्या. “तेव्हा कबूल केलं होतंस का?”

बाबा हसले, पण मान वर केली नाही. लल्ला झकिया हेडफोन लावून बसल्या. एकेक आवाज ओळखून त्या नाव सांगत, बाबा दोन बोटांनी ते टाइप करत. काही आवाज त्यांना ओळखू आले नाहीत. त्यांचे आकडेच राहिले.

त्यानंतर कोणतीही कळ दाबण्याआधी बाबा मला विचारू लागले. गिऱ्हाइकांसमोर मला अवघड व्हायचं, मी खोकल्याच्या आडून हळूच उत्तर द्यायची. ते मात्र सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारायचे, “नाही ना, पोरी?”

आता दुकानात मी एकटीच बसते. पडद्यावर तो प्रश्न आला, की समोर गिऱ्हाईक असलं तरी मी मोठ्याने म्हणते, “नाही, बाबा.” मग कळ दाबते.