तिचे फक्त ओठ हलले

“सर, तिनं हो म्हटलं हे तुम्हाला कसं कळलं?”

विचारून दाखव बघू, म्हणून रुचिका आणि जयश्री या मैत्रिणी मागे लागल्या होत्या. आणि अकरावीतली प्रगती खरंच सगळ्या गावासमोर उभी राहून विचारून बसली. ज्या सिनेमाबद्दल हा प्रश्न होता तो नुकताच माझ्यावर संपला होता. मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे.

कापडाचे चार पट्टे जोडून मला एका तंबू टॉकीजसाठी शिवलं. जत्रेजत्रेत मी उभा राहायचो, लोक शिट्ट्या मारायचे, नाणी उधळायचे. पुढे तंबू मोडला आणि मी घोलवडच्या एका वाडीत चिकूच्या खोक्यांवर येऊन पडलो. चिकाचे डाग अजून आहेत. झरीच्या शाळेतल्या सरांनी मला तिथून आणलं, धुतलं आणि मैदानात दोन बांबूंना बांधलं. पण त्या संध्याकाळी मला काही स्वस्थ राहवेना. वारा सारखा पोटात शिरत होता.

सरांनी प्रेमाचे दोन मूकपट लावले होते. पहिल्यातली पोरगी भावाची पँट चढवून माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घोडा पळवते आणि आवडत्या मुलाची बग्गी अडवते. दुसऱ्यातली नावाड्याची पोर. ती जागची हलत नाही, पण प्रियकर जास्त बोलला तर त्याला सरळ पाण्यात ढकलते. सर म्हणाले, दोघी सारख्याच. आधी दंगा, शेवटी होकार.

“नाही सर,” प्रगती म्हणाली. “पहिलीचं उत्तर पडद्यावर पाटीत लिहून आलं. दुसरीचे फक्त ओठ हलले, आणि लगेच डायरेक्ट लग्न.”

“अगं, लग्न झालं म्हणजे होच ना?”

सगळे हसले. प्रगती नाही हसली. का, ते मला ठाऊक होतं, कारण सिनेमाभर या तिघी माझ्या मागच्या बाजूला बसून कुजबुजत होत्या. रविवारी वाणगावहून नविन नावाच्या मुलाच्या घरचे तिला बघायला आले होते. तिनं खाली मान घालून चहा दिला. मोठ्यांनी तोच होकार धरला आणि साखरपुडा ठरवूनसुद्धा टाकला.

प्रगती बसेना, म्हणून सरांनी शेवट पुन्हा लावला. मी इतका फडफडत होतो की त्या पोरीचे ओठ आणखीच वाकडेतिकडे झाले. कुणी म्हणालं हो, कुणी म्हणालं नाही. म्हातारी बायजी म्हणाली, “ती सांगतेय, आधी कपडे सुकव.”

पुन्हा हशा. मी मात्र अस्वस्थच. इतकी वर्षं पोरींचे ओठ माझ्यावर हलले, आणि मला एकदाही काही ऐकू आलं नाही. मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, उंदरांपासून जपा. पण जी गप्प दिसते तिचं उत्तर तुम्हीच देऊन मोकळे होऊ नका.

मैदान रिकामं झालं. प्रगती आणि तिची आई संगिता माझी घडी घालायला लागल्या, बाबा दोरी गुंडाळत होते. टोकाला टोक लागलं, आई दुसऱ्या घडीसाठी वाकली, तरी प्रगतीनं आपलं टोक सोडलं नाही.

“आई, बाबा, नविन वाईट नाहीये. पण मला कुणी विचारलंच नाही. बारावी होईपर्यंत लग्नाचं बोलायचं नाही आणि साखरपुडाही करायचा नाही. उद्या वाणगावला फोन लावून द्या, मी स्वतः सांगणार आहे.”