झाकणावर बसलेले आजोबा

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. पेटीसारखा आडवा, वर झाकण असलेला. कारखान्यातून निघालो तो थेट आइस्क्रीमच्या दुकानात गेलो. पोरं टाचा उंच करून माझ्यात डोकावायची. काय माझे लाड होते! पुढे दुकान बंद पडलं आणि मी एका घराच्या मागच्या खोलीत रद्दीचे गठ्ठे वाहू लागलो. झाकणाचं रबर तडकलं, पण कोणाचं लक्ष गेलं नाही.

एकदा घरातल्या सूनबाईंनी आणि त्यांच्या नणंदेने मिळून, कुरणात चरलेल्या दोन मेंढ्यांचं मटण थेट फार्मवरून घेतलं. कित्येक महिन्यांची बेगमी! मला पुसून सुरू केलं. फार्मवाल्या बाई स्वतः गोठवलेली पाकिटं घेऊन आल्या.

"कोकरं होती तेव्हापासून हाताने दूध पाजून वाढवलीत, ताई. एक तुकडाही वाया घालवू नका."

"छे हो, जिवापाड जपू," सूनबाई म्हणाल्या.

पण जपायचं तर मला होतं!

तिसऱ्याच दिवशी सकाळी रबर फाटलं. झाकण बोटभर वर राहिलं. घरी फक्त सूनबाईंचे सासरे, म्हणजे आजोबा. ऊन तापलं. मी धापा टाकू लागलो. वरची पाकिटं घामेजली. मी घरघरत होतो, पण माझी हाक कोणाला कळणार?

"हा का कण्हतोय?" म्हणत आजोबा आले. झाकण दाबलं की बसे, सोडलं की वर येई. त्यांनी सुनेला फोन लावला.

"बाबा, मेकॅनिक संध्याकाळी येतोय. तोवर वर काहीतरी जड ठेवा!"

"माझ्याहून जड या घरात आहे काय?" असं म्हणून आजोबा चक्क माझ्यावर चढून बसले. जेवलेही तिथेच. डुलकी आली की दचकून जागे व्हायचे, पेटीला हात लावून म्हणायचे, "आहेस ना रे?" मी जीव एकवटून गारवा धरून होतो.

दिवेलागणीला सूनबाई घरी आल्या, पाठोपाठ मेकॅनिक आला. आजोबांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, दोघांनी धरून उतरवलं. सूनबाईंनी झाकण उघडलं. वरची चार पाकिटं मऊ पडली होती, बाकी सगळी दगडासारखी टणक! ती चार लगेच शिजली. नणंदेचं घरही जेवायला आलं.

आता माझं रबर नवं आहे. पण खरं सांगू? झाकण जरा उघडं राहिलं की अजूनही माझी घालमेल होते. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे मुके राबणारे असतील. त्यांचा आवाज बदलला तर क्षणभर थांबून ऐका. आम्हाला तेवढंच बोलता येतं.