एका ‘ए’चा पाय

नाशिकमधल्या ‘पाय’ या संस्थेचे नाव इंटरनेटवर एकाच ‘ए’ने लिहिलेले होते. पी, ए, वाय. २०११ मध्ये दोहाहून ते नोंदवताना विजय गायधनीने संस्थापक गोविंदरावांना फोन केला होता.

‘‘काका, पायाला ए एक लिहू की दोन?’’

‘‘नाशिकला किती लागतात?’’

‘‘एक.’’

‘‘एवढ्या नाशिकचं एकात भागतं, मग पायाचं नाही भागणार?’’

संस्था कृत्रिम पाय बनवून फुकट देते. विजय गॅस कंपनीत इंजिनिअर आहे आणि ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो. त्याच इमारतीत वसईच्या मर्सी डिमेलो राहतात. त्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहेत. कतारमध्ये कुणा कामगाराचा पाय गेला की मर्सी माप घेतात, विजय ते संस्थेच्या वेबसाइटवर भरतो, गोविंदराव नाशिकला पाय घडवतात आणि तो कुरिअरने येतो. अकरा वर्षांत एकोणचाळीस पाय आले. नावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

चाळिसावा पाय संपत सोनवणेचा होता. संपत जालन्याकडचा. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत कामाला. मार्चमध्ये मागे येणाऱ्या व्हॅनखाली त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून तो खुर्चीत बसून उशांचे अभ्रे मोजत असे. फुटबॉलच्या विश्वचषकाला महिना उरला, हॉटेले भरणार होती, आणि लॉन्ड्रीत नवा सुपरवायझर आला. त्याने जाहीर केले की गुरुवारी, वीस ऑक्टोबरला, कंपनीचे डॉक्टर सगळ्यांना तपासतील. जो कुबडीशिवाय दारातून आत येईल तो राहील. जो येणार नाही त्याचे परतीचे तिकीट काढून ठेवले आहे.

पाय दोहात पोचला रविवारी, सोळा तारखेला, आणि कुरिअर कंपनीच्या माल सोडवण्याच्या काउंटरवर अडला.

काउंटरवर हैदराबादच्या रुकैया होत्या. खोक्यातले संस्थेचे पत्र त्यांनी दोनदा वाचले. ही वस्तू भेट आहे, विक्रीसाठी नाही, असे त्यात लिहिले होते. पत्राच्या माथ्यावरचा वेबसाइटचा पत्ता त्यांनी टाइप केला आणि स्क्रीन विजयकडे वळवला.

संस्थेची वेबसाइट तिथे नव्हती. कोऱ्या पानावर दोन ओळी होत्या. हे नाव विक्रीस आहे. किंमत एक लाख ऐंशी हजार डॉलर.

‘‘लेटर बोलता बेचने का नक्को. वेबसाइट बोलती बेचने काच है,’’ रुकैया म्हणाल्या. ‘‘मैं किस की सुनूँ, भाई?’’

‘‘मॅडम, हम पैर देते हैं. नाम नहीं बेचते.’’

‘‘तो ये कौन बेच रा?’’

विजयला ते माहीत नव्हते. रुकैयांनी फॉर्म भरला. मालाचा प्रकार : व्यापारी. मालाची किंमत : एक लाख ऐंशी हजार डॉलर. पायाला खर्च जेमतेम बुटांच्या जोडाइतका येतो, असे विजयने सांगितले. रुकैयांनी पुन्हा स्क्रीन पाहिला. तिथे किंमत एकच होती.

‘‘इस पे ड्यूटी भरो, नहीं तो वेबसाइट ठीक करके लाओ. खलास.’’

दुपारपर्यंत विजयला उलगडा झाला. संस्थेच्या नावात टिंबानंतर जी अक्षरे येत, ती अक्षरे म्हणजे एक मोठे राखीव कुरण होते. धर्मादाय संस्थांनाच तिथे जागा मिळे, आणि कुरण सांभाळणारे मंडळही नफा न घेणारे होते. गेल्या वर्षी मंडळाने ते कुरण गवतासकट ब्रॅम्बलहिल नावाच्या खासगी कंपनीला विकले. ब्रॅम्बलहिलने सगळी नावे संगणकाकडून तोलून घेतली. पी-ए-वाय हा शब्द संगणकाने इंग्रजीत ‘पे’, म्हणजे पगार, असा वाचला आणि सर्वात महागड्या वर्गात टाकला. नव्या दराने नूतनीकरणाची मुदत बारा ऑक्टोबर होती. तशा तीन सूचना आल्याही होत्या. पण प्रत्येकीचा विषय ‘पे’ या, म्हणजे पुन्हा पी-ए-वाय याच, शब्दाने सुरू होत होता आणि विजयने फार पूर्वी अशी सोय केली होती की या शब्दाने सुरू होणारी पत्रे संस्थेची मासिक वार्तापत्रे समजून आपोआप बाजूला पडावीत.

‘‘म्हणजे आपल्या पायाचा पगार झाला?’’ मर्सी म्हणाल्या.

‘‘तसंच.’’

‘‘आणि तू सूचना वाचल्या नाहीस.’’

‘‘मर्सीताई, मला वाटलं काकांचं वार्तापत्र आहे.’’

‘‘काकांचं तरी वाचायचंस.’’

सोमवारी ब्रॅम्बलहिलच्या मदत-खिडकीत काइल नावाच्या कुणीतरी विजयशी लेखी संवाद साधला. हा शब्द इंग्रजी नसून मराठी आहे आणि त्याचा अर्थ पाय असा होतो, असे विजयने लिहिले. काइलला फार आनंद झाला. संस्थांसाठी सवलतीचा अर्ज होता. त्यात शब्दाची भाषा निवडायची होती. यादीत माल्टीज होती, माओरी होती, मार्शलीज होती. मराठी नव्हती. विजयने ‘इतर’ निवडले. मग अर्जाने शब्दाच्या अर्थाचा फोटो मागितला.

‘‘अर्थ काउंटरवर अडकलाय,’’ विजय म्हणाला.

मर्सींनी चप्पल काढून सोफ्यावर पाय ठेवला. ‘‘घे. अर्थच हवाय ना? नेलपॉलिश पुसू का?’’

‘‘असू दे. अर्थात फरक पडत नाही.’’

मंगळवारी सकाळी उत्तर आले. अर्ज मंजूर झाला होता. आपण दाखवलेल्या सांस्कृतिक वारशाबद्दल ब्रॅम्बलहिल आपली ऋणी आहे, असे काइलने लिहिले होते. नाव पगाराच्या वर्गातून काढून पायाच्या वर्गात घातले होते. मात्र पायाचा वर्ग विश्वचषक संपेपर्यंत फुटबॉलच्या हंगामी दराखाली येत होता. नवी किंमत तीन लाख दहा हजार डॉलर. विक्रीच्या पानावर आता मर्सींच्या पायाचा फोटो होता.

मर्सींनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

‘‘जोस्लीनला दाखवू नकोस,’’ त्या म्हणाल्या. जोस्लीन त्यांची बहीण. ‘‘ती म्हणेल, एकाचे एवढे येतात तर दोन्ही काढ.’’

विजयने नाशिकला फोन लावला. ‘‘काका, दोन ए लावून नवं नाव घेऊ. मोकळं आहे.’’

‘‘घे की. पण पत्रावर एकच ए छापलाय.’’

‘‘नवीन पत्र पाठवा.’’

‘‘पाठवतो. शनिवारी पोचेल.’’

‘‘गुरुवारी तपासणी आहे हो!’’

‘‘विजय, तेव्हा एका ए मध्ये किती पैसे वाचले होते रे?’’

‘‘काहीच नाही, काका. ए फुकट असतात.’’

बुधवारी विजयने रजा टाकली. मर्सी ड्युटी बदलून आल्या. सोबत संपत होता, दोन्ही काखांत कुबड्या. रुकैयांनी नव्याने वेबसाइट उघडली.

‘‘ये किस का पैर है?’’

‘‘मेरा,’’ मर्सी म्हणाल्या.

रुकैयांनी काउंटरवरून वाकून खाली पाहिले, मग स्क्रीन पाहिला. ‘‘माशाल्ला,’’ त्या म्हणाल्या, आणि फॉर्मवरची किंमत खोडून तीन लाख दहा हजार केली. ‘‘मैं क्या करूँ, आपा? आप बोलो. जो लिखा है वोइच लिखना पड़ता.’’

संपत इतका वेळ खोक्याकडे बघत होता. ‘‘ताई, ह्यांना इचारा, निस्तं बघू तरी देतेत का. माझ्याच मापाचा हाय का न्हाई, ते तरी कळंल.’’

मर्सींनी विचारले. तसा नियम निघाला. माल घेणाऱ्याला काउंटरवर, कर्मचाऱ्यासमोर, अर्धा तास माल तपासता येत होता. रुकैयांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि खोके पुढे सरकवले.

संपत बाकावर बसला. मर्सींनी गुडघ्याखालच्या उरलेल्या पायावर मोजा चढवला, त्यावर नव्या पायाचा पेल्यासारखा खोलगट भाग बसवला, पट्टे आवळले. पायात गोविंदरावांनी बूटही घालून पाठवला होता. संपत उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला. मग त्याने कुबड्या बाकावर ठेवल्या आणि पाण्याच्या मशीनपर्यंत गेला. तिथे पेलाभर पाणी प्यायला आणि परत आला. रांगेतल्या एका फिलिपिनो बाईंनी टाळ्या वाजवल्या.

‘‘टोचतंय?’’ मर्सींनी विचारले.

‘‘न्हाई. जरा जड हाय. पाय जडच असतो का? मी इसरलो.’’

अर्धा तास संपला. ‘‘हो गया,’’ रुकैया म्हणाल्या. ‘‘अब डब्बे में रखो.’’

संपत हलला नाही. ‘‘ताई, ह्यांना सांगा, पाया पडतो म्हनावं. पर काढल्यावर पडू कसा?’’

‘‘क्या बोल रा?’’

‘‘बोलता है, रिक्वेस्ट करता है,’’ मर्सी म्हणाल्या.

रुकैयांनी आपल्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ त्या फक्त ‘हौ’ आणि ‘जी सर’ म्हणत होत्या. मध्येच त्यांनी सांगितले, ‘‘नहीं सर, खड़ा है. उसी के ऊपर खड़ा है.’’ मग फोन ठेवून त्यांनी निकाल सांगितला. अडवलेला आहे तो खोक्यातला माल. माणूस ज्याच्यावर उभा आहे तो माल नव्हे. त्याला साहेबांच्या यादीत रकाना नाही. माणसाच्या अंगावरचे काही काढून घ्यायचे तर ते काउंटरचे काम नाही. मात्र फाइल उघडी आहे, तेव्हा खोके सोडता येणार नाही.

त्यांनी खोके तराजूवर ठेवले. आत संस्थेचे पत्र आणि चुरगाळलेले वर्तमानपत्र होते. वजन सहाशे ग्रॅम. मालाच्या रकान्यात त्यांनी ‘डब्बा, खाली’, म्हणजे रिकामे खोके, असे लिहिले, किंमत तीन लाख दहा हजार डॉलर कायम ठेवली, शिक्का मारला आणि पावती विजयच्या हातात दिली.

‘‘वेबसाइट ठीक हो गई इन्शाल्ला, तो आके ले जाना. संभाल के रखती मैं. महंगा है.’’

‘‘शुक्रन,’’ विजय म्हणाला. त्याने आभार मानून पावती खिशात ठेवली.

‘‘यल्ला,’’ मर्सींनी कुबड्या उचलल्या. ‘‘साहेबांना रकाना सापडायच्या आत निघू.’’

गुरुवारी दुपारी विजयने संपतला लॉन्ड्रीच्या फाटकापाशी सोडले आणि गाडीत थांबून राहिला. तपासणीला तेवीस जण होते. संपतचा नंबर एकोणिसावा. डॉक्टर केरळचे होते. दारातून टेबलापर्यंत त्यांनी त्याला चालत येताना पाहिले, रक्तदाब घेतला, सही केली आणि पुढच्याला हाक मारली. सुपरवायझर दोन्ही बुटांकडे आलटून पालटून पाहत राहिला.

संपत कागद घेऊन बाहेर आला.

‘‘झालं?’’

‘‘झालं. दोन मिन्टं बी न्हाई लागली.’’ तो गाडीच्या दारावर हात टेकून उभा राहिला. ‘‘साहेब, तुमच्या त्या नावाचं काय?’’

‘‘गेलं. घेईल कुणीतरी.’’

‘‘आन मंग फुडल्याचं माप कुटं भरायचं?’’

‘‘दोन ए घालून नवीन घेतोय. वर्षभर तरी स्वस्तात आहे.’’

‘‘आन वर्सानंतर?’’

‘‘पुढचं ब्रॅम्बलहिलला विचारावं लागेल.’’

संपतने मान हलवली. ‘‘नाव गेलं तं जाऊ द्या. नावं ठेवायला लोकं हाईतच की.’’

दोनची पाळी सुरू होत होती. तो फाटकातून आत वळला. आतली फरशी नुकतीच धुतलेली होती. तिथे तो जरा थांबला, भिंतीला हात लावला, आणि डावे पाऊल पुढे टाकले.