मलमलीवर उमटलेलं नाव

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. भिऊ नका, मी आता भाजत नाही. माझ्या पोटात निखारा पडून बरीच वर्षं झाली. एका बापाची आणि त्याच्या लेकीची गोष्ट सांगते. ती मी कुणाकडून ऐकलेली नाही, माझ्या हातूनच घडली आहे. ऐकताना डोळे भरले तर भरू द्या.

मी एक जुनी इस्त्री आहे. कोळशाची, बिडाची, लाकडी मुठीची. ओतकामाच्या कारखान्यात लाल रस होऊन मी साच्यात पडले आणि थंड होऊन बाहेर आले. तेव्हा मला उचलून पाहणारा कारागीर म्हणाला होता, "हिला मनगटाचा माणूसच हवा." देवाने तसा माणूस दिला. एका जिन्याखाली माझ्या मालकांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, त्यावर चौपदरी कांबळं, कांबळ्यावर पांढरी चादर. निखारे भरण्याआधी ते मला रोज हात जोडत आणि म्हणत, "बाई, आज कुणाचं कापड जळू देऊ नकोस." तीस वर्षं मी त्यांचं ऐकलं. ओल्या बोटाने माझा ताप पाहायचा, सुती कापडाला कडक फिरवायचं आणि रेशमावर दुपदरी मलमलीचं ओलं फडकं टाकून अलगद, ही त्यांची रीत. ते फडकं रेशमाशिवाय दुसऱ्या कशावरही पडत नसे.

मालकांना अक्षरओळख नव्हती. गिऱ्हाइकांचे कपडे ते बटणांवरून आणि कॉलरच्या झिजेवरून ओळखत. बायको लवकर देवाघरी गेली होती, घरात ते आणि त्यांची लेक. लेकीला ते 'चिमणे' म्हणत. चिमणी टेबलाखाली बसून पाढे म्हणायची आणि वर मी त्या तालावर फिरायची. सतरा सत्ते एकशे एकोणीसपर्यंत मलाही पाठ झालं होतं.

पलीकडच्या कॉलेजातून दरवर्षी पदवीदानाचे काळे झगे आमच्याकडे इस्त्रीला येत. मालक त्यातला एक झगा हळूच चिमणीच्या खांद्याला लावून पाहत. तो तिच्या पायाखाली लोळायचा. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणायचे आणि घडी घालायचे. असे कितीतरी 'पुढच्या वर्षी' गेले आणि एके दिवशी झगा तिला बरोबर बसला.

समोर न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी मालकांचा जिवलग, पण जिभेला हाड नाही. चिमणी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा तो वस्तरा परजत म्हणाला, "पोरीला एवढं शिकवून काय दिवे लावणार आहेस रे? माझा भाचा पदवी घेऊन तीन वर्षं घरी बसलाय. नुसतं आरशात बघतो!"

"तू डोक्यावरचं काप," मालक म्हणाले, "डोक्याच्या आतलं मला बघू दे."

"आणि शिकून ती तुलाच शिकवायला लागली तर?"

"मग शिकेन की. गुरू घरात असल्यावर फिरायचं कशाला?"

दोघेही खूप हसले. त्या हसण्यात काय दडलं होतं ते देवालाच ठाऊक.

पदवीदानाच्या दिवशी मालकांनी तिचा झगा तीनदा इस्त्री केला. ते शेवटच्या रांगेत बसून आले आणि न्हाव्याला म्हणाले, "काय बोलले ते कळलं नाही बुवा. पण एवढ्या जणांत माझ्या चिमणीच्याच पाठीवर एकही चुणी नव्हती."

घरी आल्यावर चिमणीने पदवीचा कागद उलगडला. मालकांचं बोट धरून तिने कागदावर टेकवलं. "हे बघा बाबा, मोठ्या अक्षरांत आहे ना, ते माझं नाव. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत, ते तुमचं."

"माझं कशाला?"

"असतं बाबा. मुलीच्या नावाखाली बापाचं असतंच."

मालकांनी बोट उचललं, बोटाला कोळसा लागलेला नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा टेकवलं.

मित्रांनो, इथवरचा झाला पूर्वरंग. पुढचं सांगताना माझं लोखंडाचं अंगही कापतं.

पंधरा दिवसांनी तिला एका मोठ्या कार्यालयातून मुलाखतीचं पत्र आलं. मूळ पदवीपत्र घेऊन यावं, असं त्यात लिहिलं होतं. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पदवीचा कागद इतके दिवस नळीत गुंडाळून ठेवलेला, त्यामुळे तो सरळ राहीना. टेबलावर ठेवला की पुन्हा गुंडाळी व्हायची. चिमणी तो टेबलावर ठेवून फाइल आणायला बाजारात गेली.

मालकांनी कागदाची टोकं दोन्ही हातांनी दाबून पाहिली. सोडली की कागद मिटायचा. "अशी चुणी घेऊन जाणार होय साहेबापुढे?" ते स्वतःशीच पुटपुटले. जन्मभर त्यांनी लोकांच्या चुण्या काढल्या होत्या. लेकीच्या कागदाला चुणी राहिली, तर त्या हातांचा उपयोग काय?

त्यांनी माझे निखारे कमी केले. ओलं बोट लावून ताप पाहिला, एकदा नाही, चारदा. कागदावर दुपदरी मलमल टाकली, पाण्याचा हात मारला आणि मला रेशमावर फिरवावं तसं अलगद फिरवलं. त्यांची रीत तसूभरही चुकली नव्हती. पण मित्रांनो, कापड माझ्याखाली श्वास घेतं. तो कागद श्वास घेत नव्हता. मला ते कळलं, पण मला तोंड नव्हतं. मागे सरायचं म्हटलं तर मूठ त्यांच्या हातात.

त्यांनी मलमल उचलली. कागदावरची अक्षरं तिच्याबरोबर उठून आली. सही फुटून निळं पाणी झाली आणि सोनेरी शिक्का फुगून फाटला.

चिमणी आली. हातात नवी कोरी फाइल. तिने टेबलाकडे पाहिलं आणि मग जे बोलली, ते समोरच्या न्हाव्यालाही ऐकू गेलं.

"तुम्हाला काय कळणार याची किंमत! अडाणी ते अडाणीच राहिलात!"

न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. मालक एवढंच म्हणाले, "चुकलो, बाळा."

दुसऱ्या दिवशी ती तसाच कागद घेऊन गेली. तिथल्या अधिकाऱ्याने तो दोन बोटांत धरला आणि विचारलं, "मूळ प्रत कुठे आहे?" ती जागा दुसऱ्याला मिळाली. नवी प्रत यायला सहा महिने लागले. पुढे तिला दूरच्या गावी शिक्षिकेची नोकरी लागली. दर रविवारी तिचा फोन येई.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो. तू?"

"हो."

दोघांच्याही ओठांशी माफीचा शब्द येऊन थांबे आणि फोन बंद होई. तिला वाटे, घरी गेले की समोर बसून माफी मागेन. घरी आली की वाटे, जखमेवरची खपली कशाला काढा.

मालकांनी रेशमी कपडे घेणं सोडलं. गिऱ्हाइकांना म्हणत, "हाताचा भरवसा राहिला नाही." दुपारी गर्दी ओसरली की ते दाराआडच्या भिंतीशी जाऊन बसत. मांडीवर ती मलमल असे, हातात कोळशाचा तुकडा. ते काय करत ते मला कळत नसे. मीही अडाणीच.

आणि एका दुपारी, कुणाच्या तरी शर्टाची दुसरी बाही व्हायची होती, मालकांनी मला बाजूला ठेवलं, टेबलावर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललं नाही.

चिमणी आली. वर्षभर साठवलेले सगळे शब्द घेऊन आली, पण ऐकणारा निघून गेला होता. चार दिवसांनी दुकान आवरताना तिने दार ओढलं आणि दाराआडची भिंत उघडी पडली. भिंतभर कोळशाची अक्षरं होती. वरच्या ओळी वाकड्यातिकड्या, थरथरत्या. खालच्या सरळ, ठसठशीत. खाली ती मलमल नीट घडी घालून ठेवलेली.

न्हावी मदतीला आला होता. तो म्हणाला, "काय गिचमिड काढलीय म्हाताऱ्यानं?"

"काका," ती म्हणाली, "तुमचा हातात धरायचा आरसा आणता?"

तिने आरसा भिंतीपुढे धरला. कागदावरची अक्षरं मलमलीवर उलटी उमटली होती आणि मालकांनी त्या उलट्या अक्षरांवरूनच गिरवलं होतं. सुलटं काय, उलटं काय, त्यांना कोण सांगणार? आरशात ती सरळ झाली. शंभर वेळा, दोनशे वेळा, एकच नाव. तिचं. ज्या न्हाव्याने जन्मभर लोकांना आरसा दाखवला, त्याला त्या आरशात पाहवेना.

चिमणी भिंतीला कपाळ लावून रडली. "बाबा, अडाणी मी हो, मी!" असं ती म्हणत होती. पण भिंतीला कान असले तरी तोंड नसतं.

आता मी तिच्या घरी फडताळावर असते. नवी पदवी फाइलमध्ये आहे. भिंतीवर चौकटीत लावली आहे ती मलमल.

मित्रांनो, खूप शिका. कॉलेजात जा, पदवी घ्या, कुणी काहीही म्हणो. पण ज्या हातांनी तुम्हाला तिथवर नेलं, त्यांना कधी अडाणी म्हणू नका. आणि म्हणून गेलात, तर माफी रविवारवर ढकलू नका. एक मागणं आहे. कडक इस्त्रीचे कपडे घालून परीक्षेला निघाल, तेव्हा कॉलर सरळ करताना क्षणभर माझ्या मालकांची आठवण काढा. मलमलीवर लेकीच्या नावाखाली त्यांचं स्वतःचं नावही उमटलं होतं. ते मात्र त्यांनी भिंतीवर एकदाही लिहिलं नाही.