वहीत नसलेला रकाना

पोहण्याच्या तलावाच्या कडेला प्रशिक्षक मॅडमची खोली होती. खोली कसली, क्लोरीनच्या पिंपांतून उरलेली जागा! एक टेबल, दोन खुर्च्या, खिळ्याला टांगलेली शिट्टी. रोज सकाळी मुली सरावाच्या वह्या त्या टेबलावर ठेवत. पोहणं किती, सायकल किती, धावणं किती, उठल्याउठल्या नाडीचे ठोके किती, झोप किती तास. मॅडमच्या नजरेतून एकही आकडा सुटत नसे.

त्या दिवशी सगळ्यांत वेगवान मुलगी वही ठेवून तिथंच घुटमळली. सतरा वर्षांची, काटक. रविवारी ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीची, निवड स्पर्धा होती आणि पहिल्या दोघी परदेशी जाणार होत्या.

"मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?" तिनं दार लोटलं. "आठ महिने माझी पाळी आलेली नाही."

"मग चांगलंच की! कटकट गेली," मॅडम हसल्या. "माझीही थांबली होती. सराव चोख चालल्याची खूण समज."

मुलीचा जीव भांड्यात पडला. जाता जाता म्हणाली, "आणि नडगी दुखते जरा. एकाच जागी, बोट ठेवलं की."

"बर्फ लाव."

दुपारी जेवताना मॅडमनी हे वहिनींना सहज सांगितलं. वहिनी हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. त्यांचा घास हातातच राहिला.

"वन्सं, तुमचं हाड मोडलं, तेव्हा पाळी बंद होऊन किती दिवस झाले होते?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"किती दिवस, ते सांगा."

"वीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय!"

"तुम्हाला? रोजचे ठोके लिहिणाऱ्या बाईला? काढा त्या वह्या!"

कपाटावरची पेटी खाली आली. झाकण उघडताच जुन्या रबराचा वास सुटला आणि मॅडम क्षणभर जेवण विसरल्या. थंड पाण्यात घालायचा तो काळा पोशाख आता तडकला होता. एका वहीतून पांढरी पावडर सांडली. बुटांत मारायची ती पावडर. पाण्यातून ओल्या पायांनी पळत येऊन सायकलवर चढायचं, पाय बुटांत सर्रकन जायला हवेत, म्हणून. बूट आधीच पेडलला अडकवलेले, ते आडवे राहावेत म्हणून रबरबँड लावलेले. पहिल्या ताणाला ते तुटायचे. तो बारीकसा 'टक्' त्यांना आजही ऐकू आला. अकरा देश, अनोळखी तलाव, दंडावर शाईनं लिहिलेला क्रमांक. उन्हानं त्वचा रापायची आणि शाई धुतली तरी आकडा फिका उमटून राहायचा. किती मिरवला होता तो!

"वाचा," वहिनी म्हणाल्या.

समासात बारीक अक्षर होतं : 'पाळी नाही. कटकट गेली!' शेजारी हसरा चेहरा. त्याच वर्षी त्या जगात चौथ्या आल्या होत्या. मॅडम पानं उलटत, महिने मोजत गेल्या. चौदाव्या महिन्यात एकच ओळ : 'सातवा किलोमीटर. नडगी. आवाज आला.'

पुढची सगळी पानं कोरी. वय सव्वीस.

"कसं मोडलं ते सगळ्यांनी विचारलं असेल. का मोडलं, ते विचारलं कुणी?" वहिनी म्हणाल्या. "खाल्लेलं श्रमाला पुरत नाही, तेव्हा शरीर आधी पाळी बंद करतं. मग हाडं ठिसूळ होतात. पोरीची नडगी आता तेच सांगतेय."

मॅडमना आपले तेव्हाचे प्रशिक्षक सर आठवले. भला माणूस. त्यांची सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचा. त्यांच्या नाडीचे ठोके त्याला तोंडपाठ. पण एकदा त्यांनी अडखळत ही गोष्ट काढली, तेव्हा तो चाकात हवा भरायला वळला. म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा." वाईट नव्हता हो तो. लाजला, एवढंच.

"आणि मी तर लाजलेही नाही," मॅडम पुटपुटल्या. "शाबासकी दिली! अरे देवा, शाबासकी दिली मी तिला!"

ताट तसंच टाकून त्या मुलीच्या घरी गेल्या. मुलगी आधी चिडली, मग रडली. "तुम्हीच म्हणालात ना, चांगलं आहे म्हणून?"

"चुकलं माझं. तुझ्या आईसमोर सांगते, चुकलं."

वहिनींनी काढलेल्या फिल्मवर नडगीच्या हाडात केसाएवढी रेघ दिसली. रविवारी दुसऱ्याच दोघी निवडल्या गेल्या. मुलीनं ती शर्यत कठड्याला टेकून पाहिली. मॅडम शेजारी उभ्या होत्या.

सोमवारी मॅडमनी पट्टी घेतली आणि प्रत्येक वहीत लाल शाईनं पाळीचा एक रकाना आखला. एका मुलीचे वडील तणतणत आले. "असलं कुणी वहीत लिहितं का?"

"नाडी लिहितो, झोप लिहितो. मग हेच का नको?" मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांनी त्या वेगवान मुलीचा आहार दुप्पट केला, सराव निम्मा. तिची नडगी भरून आली, गालही भरले.

वाचकहो, लाजेपोटी आपण जे विचारत नाही, त्याची किंमत आपल्या मुलींची शरीरं मोजतात. आपल्या मुलीला विचारा. शाळेत विचारा, मैदानावर विचारा, आणि तिनं सांगितलं तर दुसरीकडे वळू नका.

पाच महिन्यांनी, एका सकाळी, तलावाच्या पलीकडच्या काठावरून हाक आली :

"मॅडम! आली! पाळी आली!"

जीवरक्षकानं मान वर केली, आणि पुन्हा जाळीनं पाण्यातली पानं काढू लागला. आभाळ काही कोसळलं नाही.

मॅडमनी वही उघडली आणि लाल रकान्यात तारीख लिहिली. मग शेजारी एक हसरा चेहरा काढला.