ओर्सोलाआजीचं पुढचं दार

जरा पुढे सरकून बसा, मंडळी. आज एका दाराची गोष्ट सांगतो.

इटलीच्या राजाने रोम घेतलं, पोपचं राज्य गेलं. तेव्हापासून पोपनी महालाबाहेर पाऊल टाकायचं सोडलं. आणि मोठ्या चर्चच्या सावलीतल्या गल्लीत राहणाऱ्या त्यांच्या एका शिपायाने घराचं पुढचं दार लावून घेतलं. राजा आणि पोप यांचा समेट होईल तेव्हाच उघडायचं, असं बजावून तो देवाघरी गेला. त्याची शवपेटीसुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून निघाली.

त्याची लेक ओर्सोला आता आजी झाली होती. तिच्या नातीचं, नुन्झियाताचं, मन बसलं ते नेमकं राजाच्या पोलिसावर, गाउदेन्झिओवर.

"नवरी पुढच्या दारानेच निघेल," आजी म्हणाली. "आणि दार कधी उघडायचं ते तुला ठाऊक आहे."

"म्हणजे मी म्हातारी झाल्यावर."

"मग म्हातारी हो. मी झालेच की."

नुन्झियाता रोज प्रार्थनेत देवाला एकच मागणं घाली: राजा आणि पोप या दोघांना एकदा बोलते कर. इकडे गाउदेन्झिओची बदली सिसिलीला ठरली. लग्न ईस्टरनंतर लगेच झालं नाही, तर तो एकटाच जाणार होता.

आणि फेब्रुवारीतल्या एका पावसाळी सकाळी करार झाला. पोपना चिमुकलं का होईना, स्वतःचं राज्य मिळालं. गल्लीत दोघांचे झेंडे शेजारी शेजारी भिजत होते.

गाउदेन्झिओ पहार घेऊन धावत आला. "आजी, इतक्या वर्षांचं दार, गंजून बसलं असेल. तोडावं लागणार."

"पहार ठेव खाली, जावईबापू. मी अडसर काढते. तू नुसतं ढकल."

त्याने हात लावला मात्र, दार कुरकुर न करता उघडलं. बिजागरीला लागलेली बोटं त्याने वर धरली. "आजी, हे तेल तर ताजं आहे."

आजी पदराआड लपावं तशी नुन्झियाताच्या मागे झाली.

"बाबा दर नाताळला घालायचे," ती हळूच म्हणाली. "मी आपली चालू ठेवली रीत."

नुन्झियाताने तिला मिठी मारली. "अगं, मग मला इतकी वर्षं रडवलंस कशाला?"

"दार माझं होतं, बाळा. भांडण त्या दोघांचं, ते मिटल्याशिवाय उघडणार कसं? तेल घालणं तेवढं माझ्या हातात होतं."

ईस्टरनंतर नवरी त्याच दारातून निघाली. मंडळी, संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा त्या शिपायाची आठवण ठेवा. रागाने दार लावलं, पण बिजागरीला तेल घालायला तो विसरला नाही.