खाली वजन

नवा मोटार कायदा आला त्या वर्षी तो संपूर्ण समजलेला माणूस परभणीत एकच होता, आणि तो मी होतो. हे मी तोंडानं कधी म्हणालो नाही, फक्त छापत होतो. इथल्या एका साप्ताहिकात दर शुक्रवारी ‘कायदा आणि चाक’ नावाचं माझं सदर यायचं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. चाकाशी माझा संबंध सायकलीपुरता, आणि तिचंही मागचं चाक पंक्चर असायचं.

खरं तर संपादकांनी मला नामांतरावर लिहायला सांगितलं होतं. विद्यापीठाचं नाव बदलावं, असंच माझं मत होतं. पण सासुरवाडीचं, गल्लीचं आणि प्राचार्यांचं मत निराळं होतं. तेव्हा मी संपादकांना म्हणालो, शेतकऱ्यांना सध्या ट्रॅक्टरच्या कायद्याची जास्त गरज आहे. ट्रॅक्टरनं कुणाच्या भावना दुखावत नाहीत, असा माझा अभ्यास होता.

एप्रिलात बोरीहून माझा चुलतभाऊ भुजंग आला.

“दादा, आपल्या धुरपताआक्काची वैरण संपली. वालूरला तिच्याकडं कडबा पोचवायचाय. पण रोडवर आरटीओ साहेब ट्रॉल्या धरायलेत. तुमी येऊन वजन तेवढं बघून द्या.”

“माझं सदर वाचतोस ना?”

“वाचतो की. म्हनून तर इचारायला आलो. काहीच कळत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी कायद्याचं पुस्तक काखेत मारून बोरीला गेलो. भुजंगच्या खळ्यात ट्रॉली भरायला घेतली होती. दोन चाकांची ट्रॉली, पुढं लोखंडी दांडी, ती पिन घालून ट्रॅक्टरला जोडलेली. भरत होता सूर्यभान, भुजंगचा ड्रायव्हर. सहा वर्षांपूर्वी हा माझ्या वर्गात होता. बी. ए.चं पहिलं वर्ष करून त्यानं कॉलेज सोडलं, ते माझ्या शिकवण्यामुळे नसावं. त्याचे वडील तात्याराव नामांतराच्या सत्याग्रहात जेलमध्ये जाऊन आलेले.

“या सर,” सूर्यभान म्हणाला. “बाप वाचत असतो तुमचा लेख. इचारत होता, चाकं संपल्यावर नामांतराचा नंबर हाय का म्हनून.”

मी विषय बदलला. त्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

भुजंग हळूच म्हणाला, “दादा, सोमवारी त्याची एसटीत ड्रायव्हरची टेस्ट हाय. कॉल आलाय. लायसनवर एकबी केस नको. म्हनून म्हनलं तुमाला बोलवावं.”

म्हणजे माझ्यावर जबाबदारी होती. जबाबदारी आली की मी जास्त बोलतो.

सूर्यभाननं ट्रॉलीत आधी ज्वारीची दहा पोती लावली होती, तळाला, तीही पुढं, दांडीच्या बाजूला. तीही आक्काचीच होती. त्यावर कडबा चढणार होता.

“पोती कशाला?” मी विचारलं.

“वजन खाली अन् पुढं पाहिजे सर. दुपारचं वारं उठतंय. कडबा हलका, उंच भरला की पडद्यासारखं वारं धरतोय. पुढं वजन नसलं की दांडी उचलती अन् ट्रॉली शेपूट हलवायला लागती.”

“हे कुठं लिहिलंय?”

“लिव्हलं न्हाई. कळतंय.”

न लिहिलेल्या गोष्टीवर मी त्या काळी विश्वास ठेवत नसे. मी भुजंगकडं ट्रॉलीचे कागद मागितले. पासिंगचा कागद घरी पेटीत होता. हाती आली ती दुकानदाराच्या मुनशीनं लिहून दिलेली एक चिठ्ठी. तिच्यावर लिहिलं होतं, ‘खाली वजन १३ क्विंटल’. त्याच्या खालची ओळ ग्रीसच्या डागात गेली होती.

मी चष्मा लावला. “वजन तेरा क्विंटलच्या खाली पाहिजे. स्पष्ट आहे.”

भुजंगनं डोकं खाजवलं. “खाली म्हंजी रिकामं न्हाई का दादा? आपुन न्हाई का म्हनत, ट्रॉली खाली करा, घागर खाली हाय...”

“ते बोलण्यातलं, उर्दूतून आलेलं. कायद्याची भाषा वेगळी असते. खाली म्हणजे खाली.”

बावीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसानं खालीचा अर्थ सांगितल्यावर भुजंग काय बोलणार? मी हिशेब मांडला. पेंढी साधारण किलोची, पेंढ्या बाराशे, म्हणजे कडबा बारा क्विंटल. तो बसतो. पोत्यांचे दहा मिळवले तर बावीस, म्हणजे सरळ गुन्हा. “पोती उतरवा. दुसऱ्या खेपेला न्या.”

सूर्यभान म्हणाला, “सर, निम्मा कडबा ठिवा पायजे तर. पोती राहू द्या.”

“अरे, वजन जास्त होतं म्हणून पकडतील. सोमवार लक्षात आहे ना तुझ्या?”

सोमवारचं नाव काढल्यावर त्यानं पहिल्या पोत्याला हात घातला. पोती उतरली. कडबा चढत गेला, दोन माणसं उंच, मागं हातभर लोंबता. उंचीचा मी विचारच केला नाही. चिठ्ठीवर उंची नव्हती.

बसण्याचा प्रश्न आला तेव्हाही मी कायदा काढला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसवता येत नाही. मग मी कडब्यावर चढून बसलो आणि माझे बहात्तर किलो हिशेबात धरले. त्या दिवशी मी माल म्हणून प्रवास केला. ट्रॉलीत माणूस बसवणंही मना आहे, ते पान माझं वाचायचं राहिलं होतं.

बोरी सुटली तोवर ठीक होतं. वरून शिवार मोठं सुंदर दिसत होतं. पुढच्या शुक्रवारच्या लेखाचा पहिला परिच्छेदही मला सुचला. मग दोन्ही बाजूंची झाडं संपली आणि उघडं काळं रान लागलं. डावीकडून वारं आलं.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी कडब्याला हळूच खांद्यानं ढकललं. मग ट्रॉलीचा मागचा भाग उजवीकडं गेला, परत डावीकडं आला, परत उजवीकडं. पिनीचा खडखडाट व्हायला लागला. मी दोर धरला.

“सूर्यभान! ब्रेक मार! ब्रेक!”

“गप बसा सर!” तो मागं न बघता ओरडला. माझ्या नोकरीत हे वाक्य विद्यार्थ्याकडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानं ब्रेक मारला नाही. नुसता रेसवरून पाय काढला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. वेग कमी होत गेला, शेपूट हलायचं थांबलं, ट्रॅक्टर जवळजवळ उभा राहिला. मी “शाब्बास” म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वाऱ्याचा एक मोठा झोत आला. ट्रॉलीचं डावं चाक उचललं, पिन निघाली आणि बाराशे पेंढ्या आणि एक प्राध्यापक उजवीकडच्या नांगरटीत जाऊन पडले. पेंढ्या आधी पोचल्या, म्हणून हे लिहितोय.

सूर्यभान धावत आला. “सर! हात हलवा. पाय हलवा. बोलून दाखवा.”

“मी बरोबर होतो,” मी म्हणालो.

“जिवंत हायत,” तो स्वतःशीच म्हणाला आणि बांधावर मटकन बसला. त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. लायसन तिथं होतं.

मग त्यानं एका सायकलवाल्याबरोबर बोरीला भुजंगकडं निरोप धाडला. माणसं यायच्या आधी, अर्ध्या तासात, जीप आली. आत मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे लोकांचे आरटीओ साहेब. मध्यम वयाचा, उन्हानं रापलेला माणूस. त्यांनी आडवी ट्रॉली पाहिली, कडबा पाहिला, माझ्या केसांतला पाला पाहिला.

“लायसन.”

सूर्यभाननं दिलं. साहेबांनी पेन काढलं. “हलायला लागली तेव्हा काय केलं?”

“पाय काढला साहेब. सरळ धरलं. ब्रेक न्हाई मारला.”

“मारला असता तर?”

“ट्रॅक्टरबी आडवा झाला असता.”

साहेबांनी मान हलवली. “हे कळतंय, तर असा भरला कशाला? पुढं वजन न्हाई काही न्हाई.”

माझ्याकडं बोट दाखवायला सूर्यभानला कुणाचीही मनाई नव्हती. त्यानं दाखवलं नाही.

मी पुढं झालो आणि चिठ्ठी दिली. पोती कशी उतरवली तेही सांगितलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली.

“खाली वजन म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचं वजन, सर. भरून कितीतरी जास्त चालतं. दहा पोती काय, वीस चालली असती. तुम्ही करता काय?”

“मराठीचा प्राध्यापक.”

“ते कायदा आणि चाकवाले? किशनराव सर?” त्यांचा चेहरा बदलला, पण मला हवा होता तसा नाही. “लोक तुमची कात्रणं दाखवून माझ्याशी भांडतात हो! रोज!” त्यांनी लायसन उघडलं. “असो. धोकादायक भरलेली गाडी, वर ट्रॉलीत माणूस. ड्रायव्हरवर लिहावं लागणार.”

सूर्यभाननं मान वर केली. सोमवार त्याच्या तोंडावर लिहिलेला होता.

पुस्तक नांगरटीतच पडलं होतं. मी ते झटकलं आणि पान काढलं. “साहेब, इथं वाचा. गाडी चालवणारा किंवा चालवायला लावणारा. लावणारा मी आहे. याचा नकार असताना लावली.”

“दोघांवर लिहिता येतं.”

“‘किंवा’ आहे साहेब. ‘आणि’ नाही. वाटल्यास व्याकरण सांगतो.”

“नको,” साहेब घाईनं म्हणाले. “पण सर, तुमच्या नावावर केस होईल. कोर्टात उभं राहावं लागेल. पेपरात येईल.”

माझ्या डोळ्यांपुढं प्राचार्य आले, सासुरवाडी आली, गल्ली आली. सगळे एका रांगेत उभे राहून वाचत होते. नाही म्हणायला तोंडात चांगली तीन-चार वाक्यं तयार होती, आणि तीही निर्दोष मराठीत.

“लिहा,” मी म्हणालो. “ट्रॉलीत माणूस बसवला, तो माणूसही मीच, बसवणाराही मीच.”

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. माझ्या सहीचा कागद फाडून मला दिला आणि लायसन कोरं परत केलं. सूर्यभाननं त्याचं पान न् पान उलटून पाहिलं, ते खिशात ठेवलं आणि बटण लावलं. जीप गेली.

त्यानं मला धन्यवाद दिले नाहीत. देण्यासारखं मी केलंही नव्हतं. आधी मीच त्याला आडवा पाडला होता.

“सर, पेंढ्या गोळा करायला लागा,” तो म्हणाला. “मी पिन बघतो. अन् बोरीहून माणसं येईस्तोवर बोलू नका, लय दमल्यावानी वाटायलंय मला.”

मी वाकलो आणि पहिली पेंढी उचलली.